भागू कासाराचा डाव

राजा प्रतापभानाने दवंडी पिटवली, की उद्यापासून कुणाच्याही घरी सोंगपट दिसता कामा नये! सगळे पट वाड्याशेजारच्या नव्या खेळघरात जमा करायचे. ज्याला खेळायचं असेल त्याने महिन्याच्या महिन्याला कर भरायचा आणि तिथे येऊन खेळायचं. कर चुकला तर दार बंद, आणि पटावरचं त्याचं सोंगही आतच राहणार.

आता सोंगपट म्हणजे काय, तर एक मोठं कापड. त्यावर डोंगर, नद्या, किल्ले रंगवलेले. खेळणाऱ्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी राणी. एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासे टाकायचे. एकदा विकत घेतलेला पट नातवंडांपर्यंत पुरायचा, आणि नेमकं हेच प्रधानजींच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी लोकांना पटवलं, की खेळघरात पट फाटणार नाही, उंदीर कुरतडणार नाहीत, शिवाय दर महिन्याला नवा मुलूख रंगवून मिळेल. जुनाच मुलूख अजून पालथा घालून झाला नव्हता, पण प्रधानजींना हे सांगणार कोण? लोकांनी मुकाट्याने पट नेऊन दिले.

कासारवाडीतल्या हौसाच्या घरात मात्र त्या दिवशी चूल पेटली नाही. तिचा बाप भागू कासार बांगड्यांच्या गाडीवरून पडला, तेव्हापासून खाटेवर होता. त्याला जागचं हलवू नका, असं वैद्याने बजावलं होतं. पण पटावर भागू जासूद होता! हौसा गोष्ट सांगायची आणि तिचा बाप रानं तुडवायचा, घाट चढायचा, नदी पोहून जायचा. पट गेला आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हौसाला ते बघवेना. ती तडक दरबारात गेली.

तिने बापाची हकिकत सांगितली आणि आपल्या वाडीचा तेवढा पट परत मागितला. राजा मोठा हट्टी. एकदा तोंडातून निघालेला हुकूम मागे घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. पण पोरीची गंमत करायची लहर त्याला आली.

"मी स्वतः पट उचलून तुझ्या दारी आणला, तर पट तुझा," तो म्हणाला. "नाही आणला, तर जन्मभर माझ्या खेळघरात फुकट गोष्टी सांगायच्या. आहे कबूल?"

दरबार खो खो हसला. राजा आणि कासाराच्या दारी!

"कबूल, म्हाराज," हौसा म्हणाली. "पण खेळाचे रिवाज खेळघरात पाळणार न्हवं?"

"काटेकोर पाळणार. रिवाज मोडेल त्याला चाबकाचे फटके!"

दुसऱ्या दिवशी कासारवाडी कर भरून पोराबाळांसकट खेळघरात हजर झाली. बसल्या बसल्या हौसाने प्रधानजींना विचारलं, की जेवायला काय आहे? ज्याचा पट असेल त्याने खेळणाऱ्यांना जेवू घालायचं, ऐकणाऱ्यांनाही घालायचं, आणि डाव पुरा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा रिवाजच होता. लोकांच्या घरी तो पिठलं-भाकरीवर भागायचा. राजाच्या घरी पिठलं कसं वाढणार? बुंदीचे घाणे सुरू झाले.

हौसाने गोष्ट अशी रंगवली, की बाकीच्या वाड्याही आपापले पट सोडून ऐकायला बसल्या. सगळं नगर पंगतीला! आधी तूप संपलं, मग साखर, मग डाळ. आचारी कपाळाला हात लावून बसला. खुद्द राजा खिडकीआड उभा राहून कान देत होता, हे मात्र फक्त हौसाने पाहिलं होतं.

गोष्ट ऐन रंगात आली. शत्रू किल्ल्याखाली येऊन ठेपला, दार सताड उघडं, आत कुणालाच खबर नाही. आणि हौसा थांबली. आता डाव जासुदाचा, म्हणाली, आणि जासूद घरी खाटेवर आहे.

प्रधानजींनी डोली पाठवायची म्हटलं, तर वैद्य आडवा आला. दुसऱ्या कुणी फासे टाकावेत म्हटलं, तर लोक खवळले. दुसऱ्याच्या सोंगाचे फासे टाकायचे नसतात! शेवटी पटच तिकडे न्यावा म्हणून प्रधानजी वाकले, तर कासारवाडीने एका सुरात ओरडून सांगितलं, की पट मालकाच्याच हातून हलतो. प्रधानजींना चाबूक आठवला आणि त्यांनी हात मागे घेतला.

खिडकीआडून राजा बाहेर आला. त्याने एकदा आचाऱ्याकडे पाहिलं, एकदा पंगतीकडे. खरं तर किल्ल्याचं दार वेळेत बंद होईल की नाही, या काळजीने त्याचाच जीव टांगणीला लागला होता. त्याने पट काखेत मारला आणि निघाला. पट जाईल तिथे डाव, म्हणून सगळी पंगतही त्याच्या मागोमाग निघाली.

भागूच्या खोपटात वाकून शिरताना राजाचं पागोटं चौकटीला अडकलं, पण त्याला शुद्ध कुठे होती! त्याने खाटेवर पट पसरला. भागूने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि फासे टाकले. जासूद धावला, पोचला, दार बंद झालं! बाहेर एकच गिल्ला झाला. कितीतरी दिवसांनी बाप हसताना बघून हौसाला भरून आलं.

आता कुठे राजाला पैज आठवली. तो जरा वरमला, पण हट्ट काही सुटेना.

"जिंकलीस तू. हा पट तुझा. पण बाकीचे सगळे माझे!"

"बरोबर, म्हाराज," हौसा हात जोडून म्हणाली. "मग उद्या दुसरी वाडी खेळायला बसंल. त्यांची म्हातारी अंथरुणाला खिळलीय, तिचा डाव आला की तुम्हीच पट घेऊन जा. तिसऱ्या वाडीत एक बाळंतीण हाय. डोंगरापल्याड एक धनगर हाय, त्याला मेंढरं सोडून येता येत न्हाई. पट तुमचे, तवा जेवणं तुमची आणि पायपीटबी तुमचीच!"

राजाने आपल्या धुळीने माखलेल्या मोजड्यांकडे पाहिलं आणि तो इतका हसला, की भागूची खाट हलली. संध्याकाळच्या आत सगळे पट घरोघरी परत गेले. ते पोचवायचं काम प्रधानजींकडे आलं, तेही पायी. आणि रिकामं पडलेलं खेळघर राजाने हौसाला बांगड्यांचं दुकान थाटायला देऊन टाकलं.