न कापलेलं कलम

“...आणि एवढी पदवी घेऊनही काहीच झालं नाही, तर?”

उमाकांतनं शकूरबाबांना विचारलं. कृषी विद्यापीठात पहिला आलेला पोरगा. निकाल लागला तेव्हा छाती काढून हिंडला. आज वसतिगृहाची खोली सोडायची, तर पिशवी बाबांपुढं टाकून बसलेला.

विद्यापीठाच्या कुंपणाला लागून फकिराचा तकिया होता. तिथं शकूरबाबा राहायचे. त्यांच्या दारच्या जुन्या आंब्याला भेटकलम बांधायचं, असा शिकणाऱ्या पोरांचा रिवाजच पडून गेलेला. कुंडीतलं रोप आंब्याच्या डहाळीला बांधून ठेवायचं. दोघांचा जीव एक झाला, की डहाळी झाडापासून कापायची. मग कुंडी घेऊन पोरगा आपल्या वाटेला लागायचा.

उमाकांतचं कलम केव्हाच जुळलं होतं. कापायला हात होत नव्हता.

“भाऊ गावी बोलावतोय ना रे? रोपवाटिका काढू म्हणतोय,” बाबा म्हणाले.

“गाव हसेल, बाबा. एवढा शिकला अन् माती चिवडतोय म्हणेल. आणि रोपंच मेली, तर? त्यापेक्षा इथंच राहतो. अभ्यासिकेत बसतो, परीक्षा देत राहतो. भागवतदादा नाही का बसलाय इतकी वर्षं?”

“बरं चाललंय त्याचं?”

परीक्षा देता देता भागवतदादाचे केस पिकायला लागले होते...

बाबा हळूच उठले. आंब्याच्या पलीकडच्या अंगाला गेले.

“ही भागवतची कुंडी. डहाळी कापलीच नाही त्यानं. बघ बरं, कशी आहे?”

उमाकांतनं जाणत्यासारखी पानं चाचपली. हिरवीगार, तकतकीत.

“जोमदार आहे की!”

बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि बोटं कुंडीत घातली.

माती कसली, नुसती धूळ. रोपाचा खुंट हाताला लागला, तो वाळल्या काडीसारखा कडकन मोडला. वरची पानं मात्र हललीसुद्धा नाहीत.

उमाकांतनं चटका बसल्यागत हात मागं घेतला.

“मग... वर हिरवं कसं?”

बाबांनी नुसतं आंब्याकडं पाहिलं.

उमाकांत आपल्या कुंडीपाशी परत आला.

मग बाबांनी कनवटीचा चाकू काढून पुढं धरला.

“कापलं आणि मेलं, तर?”

चाकू तसाच पुढं...

उमाकांतनं चाकू घेतला, कुंडी कवेत धरली, आणि कापलं. मोकळी झालेली डहाळी सप्पकन वर उसळली. कुंडी एकदम जड झाली. पानं थरथरत होती.

“बाबा, जगेल ना?”

“ऊन चढतंय. सावलीला ने.”

“इथंच ठेवू? आंब्याखाली?”

बाबांनी त्याची पिशवी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली.

“इथं नको, बेटा. ही जागा भागवतची.”