सामाईक ऊन

आमच्या सोसायटीत वीज गेली की शैलजाताईंच्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं. म्हणून त्यांना गच्चीवर सोलर पॅनल आणि घरात बॅटरी बसवायची होती. पण दर सभेला अध्यक्ष खासनीसांचं एकच पालुपद, "गच्ची सामाईक, तिथलं ऊनही सामाईक. ते एकट्याच्या घरासाठी वापरता येणार नाही!"

ऐकून ऐकून आमचे कान किटले.

परवाच्या सभेला शैलजाताई गच्चीवरून वाळलेल्या कुरडयांची परात घेऊनच आल्या आणि सगळ्यांना वाटायला लागल्या.

"अहो, त्या आमच्या कुरडया!" खासनीसबाई ओरडल्या.

"तुमच्या एकट्यांच्या कशा? सामाईक उन्हात वाळल्यात. अध्यक्षसाहेब, तुमच्या वाट्याला दोन येतात. घेताय, की पॅनल बसवू?"

खासनीसांनी परात ओढून घेतली. "बसवा एकदाचं!"