ढवळ्याची घंटा

माणसांना कचेऱ्या माहीतही नव्हत्या, तेव्हा माळावर प्राण्यांची एक कचेरी होती. तिथली कारकून खारूताई दुपारपर्यंत सगळे कागद हातावेगळे करी आणि संध्याकाळची घंटा होईपर्यंत नुसती बसून राही. एके दिवशी घरून निरोप आला, पिल्लू तापानं फणफणलंय. ती उठताच हेडक्लार्क सरडेराव मान हलवत म्हणाले, "घंटा झालेली नाही. बसा."

"माझं काम केव्हाच संपलंय, साहेब!"

"काम संपलं म्हणून कोणी घरी जातं का? नियम आहे."

"पण केला कुणी हा नियम?"

सरडेरावांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

खारूताई संतापून बाहेर पडली. घराच्या वाटेवर म्हातारा ढवळ्या बैल चरत होता. कचेरीतली घंटा मूळची त्याच्याच गळ्यातली. तिनं त्यालाच जाब विचारला.

"अगं, मी गुऱ्हाळात उसाचा चरक ओढायचो," ढवळ्या म्हणाला. "कढईत रस उकळायला लागला की संध्याकाळपर्यंत चरक थांबवायची सोयच नव्हती. संध्याकाळी मालक माझ्या गळ्यातली घंटा वाजवायचा, तेव्हाच माझी सुटका. गुऱ्हाळ मोडलं, त्याच दिवशी मी ती घंटा फेकून दिली. तुम्ही कशाला उचलून आणलीत?"