शिवेपलीकडची टरफलं

“शिवेपलीकडं टाकली म्हणजे तुझी नव्हेत होय रे, केरोबा?”

“आणि मी तुला ने म्हटलं होतं का, आक्के? फुकटचं दिसलं की पदर पसरायचा, आणि मग बोंबलत माझ्या दारात यायचं!”

सकाळपासून हे असंच चाललं होतं. सगळी आळी ठोके थांबवून ऐकत होती.

तांबटांचं गाव ते. केरोबा तिथला म्होरक्या. हाताचा चोख, तोंडाचा गोड, पण जागेच्या बाबतीत महाकंजूष. गावात तांब्याची भांडी घडत, तेजाबात धुतली जात आणि ते हिरवट पाणी ओढ्याला मिळे. त्यात तांबं, त्यात शिसं. पिणाऱ्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा तालुक्याच्या मास्तरांनी तोड सांगितली. भुईमुगाची टरफलं चेचून हौदात भरा, पाणी त्यांतून झिरपू द्या. टरफलं धातू धरून ठेवतात. भरली की मात्र चुन्याच्या पक्क्या खड्ड्यात गाडा. गुरांना घालू नका, जाळू तर मुळीच नका.

गावानं ऐकलं. पाणी निवळलं. ओढ्याला नारळ वाहायचा मान केरोबानं घेतला.

मग टरफलं भरली. खड्ड्याजोगी, विष ओढ्यात झिरपणार नाही अशी उंच, कातळाची जागा एकट्या केरोबाच्या परसात होती, आणि तिथं त्याला नवी भट्टी घालायची होती. “टरफलंच ती,” तो म्हणाला, “टाका शिवेपलीकडं.” कुणी हटकलं नाही. आपल्या घागरीचा तळ दिसू लागला की माणसं पुढचं बघतच नाहीत!

शिवेपलीकडे हौसाक्काची वाडी. सगळं माळरान, सरपणाची मारामार. त्यात सून नुकती बाळंत झालेली. वाळल्या टरफलांचा ढीग दिसला, तशी हौसाक्कानं टोपली भरली आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवली. ज्वाळा हिरवी निघाली. तिला वाटलं, ओल असेल. दार लावलेलं, धूर आतल्या आत. बाळाचा श्वास कोंडला, अंग निळं पडलं. धावत आलेल्या मास्तरांनी शेगडी पाहिली आणि टरफलं कुठली ते सांगितलं.

आता हौसाक्का एकच मागत होती. राहिलेला ढीग उचल आणि परसात खड्डा घे.

“वाडीतल्या बाया अजून नेताहेत रे ती चुलीला. किती जणींचा हात धरू?”

केरोबाची नजर वर होईना, पण जीभ थांबेना. “शेगडी तूच पेटवलीस ना?”

“मीच. ते माझं मी भोगीन. तू खड्ड्याचं बोल.”

“भट्टीची जागा आहे ती. तुझ्या खड्ड्याला कुठून आणू जागा?”

हौसाक्का पायरी चढून त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या नखांत ओली माती होती. केरोबाला ती आत्ता दिसली.

“जागा निघते रे; आमची निघाली आज पहाटे, हातभर, नातवापुरती.”

तात्पर्य: पाण्यातून काढलेलं विष आपल्या जागेत गाडायची तयारी नसेल, तर ते दुसऱ्याच्या घरात आपणच नेऊन ठेवलं असं समजावं.