आवडीचा तिसरा ढीग

दर्यावर अजून शिडांचीच गलबतं होती, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळा सरत आला की शिंपलवाडीच्या किनाऱ्याला शेवाळाचे ढीग लागत. गुडघाभर उंच, काळपट, आणि वास असा की कुत्रीही लांबून जात. दर्याने टाकलं ते मेलेलं, ते घरात आणू नये, अशी गावाची समजूत. आणि एका वर्षी वरच्या टोकाला राहणारी आवडी नावाची विधवा टोपली घेऊन खाली आली आणि ते शेवाळ उचलून नेऊ लागली.

गावाचा मानकरी मालू गावकर. नारळी पुनवेचा नारळ दर्यात सोडायचा मान त्याच्या घराण्याचा. गावावर काही वाईट येणार असेल तर ते आधी आपल्याला कळलं पाहिजे, असं त्याला वाटे. तो माडाआडून आवडीवर पाळत ठेवू लागला. आवडी ते शेवाळ वहाळाच्या गोड्या पाण्यात धूत होती. एकदा नाही, सात वेळा. मग झावळ्यांवर निजवत होती.

"मढ्याक न्हाणतत तशी न्हाणता ती त्येका," त्याने घरी येऊन सांगितलं. खारटपणा जायला धूत असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. संशयी माणसाला साधं कारण पुरत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला खात होती. आवडी दोन ढीग उचली आणि तिसरा सोडी. पुन्हा दोन, पुन्हा तिसरा तसाच. शेवटी तो माडाआडून बाहेर आला.

"आवडे, तिसरो ढीग कोणाचो गो?"

"ज्येचो आसा, त्येचो, गावकारानू," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

झालं! ही बाई कुणाला तरी वाटा देते, हे मालूने ओळखलं. तिच्या घरामागच्या खडकाळ परड्यात कुसळही उगवत नसे, तिथे ते शेवाळ पडल्यापासून मुठीएवढी वांगी लागली होती. तिने मालूच्या घरी पाच वांगी पाठवली. मालूने त्यांचा वास घेतला, आणि ती उकिरड्यावर टाकली.

तिसऱ्या साली जाळ्यात मासळी कमी आली. बोट कुणाकडे दाखवायचं ते ठरलेलंच होतं. आवडीला गावाबाहेर काढायचं, पण आधी ती ज्याला देते त्याचा वाटा तोडायचा.

"उचला सगळा. एक काडीपण ठेवू नकात," मालू म्हणाला. गावाने सगळे तिसरे ढीग उचलले, वाळवले आणि जाळले. किनारा अंगणासारखा लख्ख झाला.

आठच दिवसांनी अवसेचं उधाण आलं. भर दुपारी दर्याने वाळू खायला सुरुवात केली. तिला धरून ठेवायला आता काही उरलं नव्हतं. होड्या सरकल्या, माड आडवे झाले, पाणी मालूच्या उंबऱ्याला लागलं.

तेव्हा आवडी खाली आली. परड्यात तीन वर्षं मुरवलेल्या शेवाळाची रास होती, ती टोपली टोपलीने आणून ती पाण्यापुढे टाकू लागली. टोपल्या भरत गेल्या आणि रास काही सरेना, असं म्हणतात. शेवटी तिने परड्याची मातीही आणली. शेवटची टोपली पडली तिथेच दर्या थांबला, असंही म्हणतात. लोकांनी मागे वळून बघितलं, तर तिच्या परड्यात नुसता खडक होता.

पुढच्या भरतीला नवे ढीग लागले. मालूने भीत भीत एकात कोपरापर्यंत हात घातला. देवचार नाही, भूत नाही. बोटांना लागल्या बारीक कुर्ल्या, माशांची अंडी, आणि शेवाळाने घट्ट धरून ठेवलेली मूठभर वाळू. मालू तिथेच बसून रडला. मग त्याने पहिली टोपली भरली, वहाळात सात वेळा धुतली आणि आवडीच्या खडकावर नेऊन ओतली.

आवडी गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणालाच ठाऊक नाही. शिंपलवाडीत आजही शेवाळाचे दोन ढीग उचलतात आणि तिसरा ठेवतात. उचलण्याआधी कुणीतरी विचारतो, "तिसरो कोणाचो?" आणि सगळा किनारा आवडीचंच उत्तर देतो. तिच्या परड्यातलं पहिलं वांगं दरवर्षी मानकऱ्याच्या हातावर ठेवतात. ते त्याने सगळ्यांसमोर खायचं असतं, आणि खाण्याआधी वास घ्यायचा नसतो.