बैलाने चाटलेला हुकूम

फार जुनी गोष्ट. मीठ बैलाच्या पाठीवरून यायचं आणि राज्याचा शब्द दगडावर कोरला जायचा, त्या काळातली.

घाटावर एक राज्य होतं. तिथे ऊस, हळद, ज्वारी सगळं पिकायचं. नव्हतं ते फक्त मीठ. ते यायचं घाटाखालच्या, समुद्रकाठच्या राज्यातून, आणि ते आणायची एक मीठवाली. नवरा गेल्यापासून बारा बैलांचा तांडा तीच हाकायची. सगळ्यांत पुढे चांद्या, एका शिंगाचा म्हातारा बैल. अवघड वळणावर तो पाय टाकील तिथेच बाकीचे अकरा पाय टाकायचे. चांद्या नाही तर तांडा नाही, आणि तांडा नाही तर मीठवालीची चूल नाही.

घाटमाथ्यावर जकातीचा दगड उभा होता. त्यावर कोरलं होतं : ‘दर बैलामागे एक पसा मीठ.’ दर बदलायचा तर पाच पेठांच्या महाजनांनी एकत्र बसायचं, आणि पटलं तर प्रत्येकाने छिन्नीवर एकेक घाव घालायचा. राजाच्या आजोबांनीच हा कायदा करून ठेवला होता. शेजाऱ्याशी बोलणी करावी, तह करावा, हे राजाचं काम. छिन्नी मात्र पाचांची.

एका दसऱ्याला समुद्रकाठच्या राजाने नारळांचा नजराणा पाठवला. त्यातले तीन नासके निघाले.

राजा भडकला. “आजपासून त्यांच्या मिठावर चार गोण्यांत एक गोणी जकात!”

“महाजनांना निरोप धाडू ना, महाराज?” प्रधानाने हळूच विचारलं.

“कशाला? बोलणी माझी, तह माझा, मग जकात दुसऱ्या कुणाची?”

पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला, “पाच हात दिसू द्या, सरकार, मग कोरतो.” तेव्हा राजाने दगडावर चुना फासला आणि वर गेरूने दर लिहवला.

गेरूने लिहायला कष्ट ते काय! शेजारच्या राजाचा वकील खाली वाकून मुजरा करून गेला, की दहात एक. राजाच्या विनोदाला तो हसला नाही, की तीनात एक. मीठवाली घाट उतरताना एक दर वाचायची आणि चढून येताना दुसराच. सांगा, असा धंदा कुणी करावा?

एकदा ती वर पोचली, तर दोनात एक! चोवीस गोण्यांतल्या बारा उतरल्या.

“म्हणजे सहा बैल मी नुसते फिरायला आणले होय रे?” ती कडाडली.

“माझ्यावर का ओरडता, आक्का?” जकातदार म्हणाला. “सकाळी चारात एकच होता. दुपारी महाराजांचं डोकं दुखलं.”

जप्त गोण्या दगडालाच टेकवून रचल्या होत्या. घाटावरच्या धुक्याने मीठ पाझरायचं आणि चुन्यात मुरायचं. पुढच्या खेपेला जकातदाराचं जेवण होईपर्यंत तांडा थांबला होता. चांद्याने दगड हुंगला, जीभ लावली. चव आवडली. वरपासून खालपर्यंत त्याने दगड स्वच्छ चाटून काढला.

“हुकूम खाल्ला! बैलाने हुकूम खाल्ला!” जकातदार उष्ट्या हातानेच धावत आला. चांद्याला दावं लागलं. राजद्रोहाचा गुन्हा, सिद्ध झाला तर बैलाचा लिलाव.

खटला वृद्ध न्यायाधीशापुढे उभा राहिला. मीठवाली पदर खोचून पुढे आली.

राजा म्हणाला, “मी शेजारच्या राजाला अद्दल घडवत होतो. या बाईच्या बैलाने त्यात विघ्न आणलं.”

“कुणाला अद्दल, महाराज?” तिने विचारलं. “तो राजा मला घाटात कधी भेटला नाही. गोणी गेली ती माझी. मीठ महाग झालं ते तुमच्याच प्रजेच्या आमटीत. नारळ त्याचे नासले आणि शिक्षा आम्हाला?”

तिने पदर पुन्हा घट्ट खोचला.

“आणि चांद्याने सगळाच दगड चाटलाय,” ती न्यायाधीशाकडे वळली. “चुना गेला, गेरू गेला. आजोबांचं अक्षर काही गेलं नाही. या, बघा.”

न्यायाधीश खरोखरच काठी टेकत घाटमाथ्यावर गेला. पाठोपाठ राजा, महाजन आणि निम्मं गाव. म्हाताऱ्याने कोरीव अक्षरांतून बोट फिरवलं.

“राजे,” तो म्हणाला, “शेजाऱ्याशी हवं तितकं बोला, हवं तर भांडा. तो तुमचा अधिकार आहे. ही छिन्नी कधीच तुमची नव्हती. बैल सोडा. घेतलेलं मीठ ज्याचं त्याला परत करा.”

मीठ परत करायचं कुठून? दगडापाशी उघड्यावर रचलेल्या गोण्यांचं केव्हाच पाणी झालं होतं. मग न्यायाधीशाने फर्मावलं, राजवाड्याच्या वाट्याचं मीठ देऊन भरपाई व्हावी. मीठवालीची शेवटची गोणी भरेपर्यंत राजा अळणी जेवला. एक वर्ष आणि वर चार महिने. त्या काळात त्याचं डोकं पुष्कळदा दुखलं, पण दगडाजवळ जायची त्याची छाती झाली नाही.

चांद्या मात्र येता-जाता दगडापाशी थांबून एकदा जीभ फिरवायचा. मीठवाली त्याला हाकत नसे. “बघू दे त्याला,” म्हणायची, “कुणी पुन्हा चुना लावलाय का ते.”

तात्पर्य : शेजाऱ्याशी बोलायचा अधिकार मिळाला, म्हणून प्रजेच्या गोणीत तिला न विचारता हात घालायचा अधिकार राजालाही मिळत नाही.