झाकलेली खिरापत

“पण गोडी लावायची कशी, आक्का?”

निरंजन भिलारे सरांनी पुन्हा तेच विचारलं.

आक्का पाटावर तांदळाच्या पिठाने हत्ती काढत होत्या. चार पाय झाले होते, पोट झालं होतं. सोंड अजून व्हायची होती.

“कुनाला?”

“मुलांना. इतिहासाची.”

“आन् हुती ती गेली कशी?”



कुसवंडीच्या ओढ्याकाठी एक लहानसा मठ आहे. आक्का तिथल्या. पंचक्रोशीत कुणाचं काही अडलं की माणसं त्यांच्याकडे येतात. आक्का उपदेश करत नाहीत. आल्यागेल्याला चहा पाजतात, हाताला काही काम लावतात आणि वाटेला लावतात. अर्ध्या वाटेत माणूस कपाळावर हात मारून घेतो म्हणे.

भिलारे सर गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेला माणूस. ते पदक कुणाच्या विस्मरणात जाऊ नये याची काळजीही त्यांनीच वाहिली होती.

जूनमध्ये त्यांनी आठवीच्या वर्गाला प्रकल्प दिला. आपल्या गावाचा इतिहास, पूर्ण वर्षभर. त्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडून शुक्रवारचे तास मागून घेतले. मुलं आधी बाकावर उड्या मारत होती. नव्याचे नऊ दिवस सरले आणि शुक्रवार उजाडला की निम्म्या वर्गाचं पोट दुखायला लागलं. उरलेली पोरं फळ्याकडे बघत जांभया देत.

“सोमवारी बैठक आहे,” सर म्हणाले. “हेडसर म्हणतात, हे नाटक आता बंद करा.”

“मग करा की बंद. एवडं काय त्यात?”

“एवढं काय?” सर उसळले. मग आवाज खाली आला. “मी आठवीतच होतो आक्का, तेव्हा मला हे वेड लागलं. पडकी भिंत दिसली तरी मी तिथे तासभर उभा राहायचो. त्याच वयाची ही मुलं माझ्यासमोर पेंगतात. हे बंद पडलं, तर ती जन्मात कधी इतिहासाकडे वळायची नाहीत.”

गर्विष्ठ माणसाचा आवाज कापला की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. आक्कांनी मान वर केली नाही.

“तुमी काय काय केलं?”

“काय करायचं ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी गावाचा सगळा इतिहास त्यांना सांगून टाकला. गाव कुणी वसवलं, तळं कुणी बांधलं, बाजार कधी मोडला. मी आधीच सगळं शोधून ठेवलं होतं. पोरं भरकटायला नकोत म्हणून.”

“बरं. मग?”

“मग काय? आता वर्षभर त्यांनी तेच शोधायचं.”

आक्कांनी चिमटीत पीठ घेतलं आणि हत्तीला सोंड काढली. जरा लांबच झाली.

“बसा मास्तर. आज मठाचा हादगा हाय. खिरापत खाऊन जावा.”

सरांना राग आला. आपण विचारतो काय आणि ही म्हातारी सांगते काय! पण अडला हरी होता. ते ओसरीच्या कडेला बसले.

ऊन उतरलं तशा मुली आल्या. बहुतेक आठवीतल्याच. सरांना बघून आधी दारातच घुटमळल्या. मग त्यांच्याकडे शक्य तितकी पाठ करून त्यांनी हत्तीच्या पाटाभोवती फेर धरला. हात हातात गुंफले, गाणी सुरू झाली. वर्गात जिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, त्या ईश्वरी माने हिचा आवाज सगळ्यांत वरचा लागला होता.

सर बघतच राहिले.

गाणी सरली. आता खिरापत. ज्याच्या दारी हादगा, त्याने खाऊ करायचा, पण डब्यात झाकून आणायचा. मुलींनी ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, अशी रीत. आक्कांनी आतून डबा आणला. आधी सरांपुढे धरला आणि झाकण किंचित उचललं.

“तुमी बगून ठिवा. शिकलेलं मानूस.”

सरांनी बघून ठेवलं.

आक्कांनी डबा हलवला. आत खडखड वाजलं. मुलींनी कान टवकारले.

“गोड का तिकट?”

“वळका.”

“शंकरपाळ्या!”

“न्हाई.”

“चकली!”

“न्हाई.”

“चिरोटं!”

सरांना राहवेना. चुकीचं उत्तर कानावर पडलं की त्यांच्या अंगात यायचं.

“अगं, चिरोटे असे वाजतील का? शेंगदाण्याची चिक्की आहे ती.”

...

ईश्वरीने बोलायला हात वर केला होता. तो तिने खाली घेतला. कुणीतरी नुसतं “हां” म्हणालं.

आक्कांनी झाकण काढलं. चिक्कीच होती. प्रत्येकीला एक तुकडा मिळाला. चिक्की खमंग झाली होती, गूळ बेताचा होता. मुलींनी ती मुकाट्याने खाल्ली. दुसरा तुकडा कुणी मागितला नाही. दोघीजणी घरी जायला उठल्यासुद्धा.

“सगळ्याच चुकत होत्या,” सर आक्कांना म्हणाले. “वेळ वाचवला त्यांचा.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “लई वाचला.”

सर आक्कांच्या तोंडाकडे बघू लागले. तिथे काही दिसेना.

“बसा गं, उटू नगा,” आक्का म्हणाल्या. “अजून एक हाय.”

त्यांनी फडक्यात गच्च बांधलेला दुसरा डबा आणून मधे ठेवला. “ही खिरापत साळंच्या वाटंवरच्या हसीनाबीनं धाडलीय. आत काय हाय, मला ठावं न्हाई.”

“तुमाला पन न्हाई?”

“न्हाई. मीबी बसते तुमच्यात.”

आणि गुडघ्यांवर हात टेकत आक्का खरोखरच मुलींच्या रांगेत जाऊन बसल्या.

सरांनी फडक्याची गाठ सोडली. सवयीने त्यांचा हात झाकणाकडे गेला. आक्कांनी त्या हातावर आपला हात ठेवला... नुसता ठेवला. सुरकुतलेला, पिठाने पांढरा झालेला हात.

सरांनी आपला हात काढून घेतला.

“हलवा की सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

सरांनी डबा हलवला. वाजलं नाही.

“म्हंजी मऊ हाय.”

“मऊच असनार. हसीनाआजीला दात कुटं हायत? सोता चाकल्याबिगर ती कुनाला देती व्हय?”

“शिरा!”

“ह्या! शिरा डब्याला चिकटून बसतो. हे आत सरकतंय, ऐक की.”

“वास घ्या, वास!”

डबा नाकानाकावरून फिरला. एक म्हणाली गूळ, दुसरी म्हणाली तेल. दोघी भांडल्या आणि शेवटी दोन्ही खरं असं ठरलं. आक्का छातीठोकपणे पुरणपोळी म्हणाल्या. त्यांना सगळ्यांनी मिळून हाणून पाडलं.

“तळलेलं, गोड आनि मऊ. गुलगुलं!”

“पण डबा जड आहे,” सर म्हणाले.

आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. बाही कोपरापर्यंत वर सरकवून ते डबा तळहातावर तोलत होते.

“मग गुलगुलं न्हाईत. ती हलकी असत्यात.”

“मग काय असंल...?”

सगळ्या विचारात पडल्या. आक्कासुद्धा. सरांनी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. गूळ होता, तेल होतं आणि खाली आणखी काहीतरी होतं. ते ओळखीचं होतं, पण हाती लागत नव्हतं. त्यांना चैन पडेना.

एकाएकी ईश्वरी ताडकन उभी राहिली.

“हसीनाआजीच्या कुंपनावरचा भोपळा! काल साळंत जाताना व्हता. आज नुसता देठ लोंबत व्हता!”

मग एकच गिल्ला झाला.

“घारगं!”

आणि त्या गिल्ल्यात “घारगे!” म्हणून सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल, तर सुवर्णपदकवाले भिलारे सर.

झाकण उघडलं. घारगेच होते, लालबुंद, एकाला एक चिकटलेले. मुलींनी डब्यावर झडप घातली. कुणी कुणाच्या हातातला ओढला, कुणी अर्धा मोडून पळाली. जी दोघीजणी घरी निघाल्या होत्या त्याच डबा पुसून खात होत्या. सरांच्या वाट्याला अर्धाच घारगा आला. त्यांनी तो खाल्ला, बोटं चाटली आणि रिकाम्या डब्यात एकदा डोकावून बघितलं. फार वर्षांनी त्यांना इतकं छान वाटत होतं आणि ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

म्हणूनच ईश्वरीला धीर आला असावा.

“सर, एक इचारू? रागवनार न्हाई न्हवं?”

“विचार.”

“आपल्या गावच्या वेशीचं तोंड डोंगराकडं का हाय? तिकडं तर वाटच न्हाई. समदं गाव मागच्या अंगानं येतंय आन् जातंय.”

सरांनी तोंड उघडलं.

त्यांच्याजवळ उत्तर नेहमी तयार असायचं. नसलं तर ते आपल्या विषयात येत नाही, हे तरी तयार असायचं. दोन वर्षं ते त्या वेशीजवळून रोज शाळेत जात होते. तिचा काळ त्यांना माहीत होता, तिच्या कमानीचा प्रकार माहीत होता. ती भलतीकडे तोंड करून उभी आहे, हे त्यांना आत्ता दिसलं.

त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का डब्याचं फडकं झटकत होत्या.

“मला...” सर म्हणाले, “मला ठाऊक नाही.”



“तुमाला ठावं न्हाई?”

“नाही.”

“कुटंच लिवलेलं न्हाई?”

“मी वाचलेल्यात तरी नाही.”

आता सगळी पत गेली, असं सरांना वाटलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पैली वाट असंल तिकडं! बुजली असंल!”

“माजा आजा म्हंतो, डोंगरापल्याड बाजार भरायचा.”

“थाप!”

“थाप काय? वाट असंल तर वेशीच्या उंबऱ्याच्या दगडावर चाकांचं घासं असतील. चल दावते!”

“न्हाई निगालं तर?”

“तर आज्याला खोटं पाडू!”

हादग्याचं शेवटचं गाणं तसंच राहिलं. चपला कुणाच्या कुणी घातल्या आणि सगळ्या घोळक्याने दाराबाहेर धावल्या. ईश्वरी तेवढी दारात थांबली.

“सर, येताय न्हवं?”

“आलो, आलो. माझ्याआधी उंबऱ्यावरची माती काढू नका!”

सर घाईने उठले. एक चप्पल पायात, दुसरी सापडेना.

“आक्का, सोमवारी हेडसरांना काय सांगू?”

“ठावं न्हाई म्हनून सांगा. आता जमतंय की तुमाला.”

सर हसले. दुसरी चप्पल पाटाच्या आड सापडली. दारापर्यंत गेले आणि तिथे मात्र त्यांचा धीर सुटला. जुनी खोड, सहजासहजी जाते थोडीच! बाहेर कुणी ऐकत नाही ना हे त्यांनी बघितलं आणि हळूच मागे वळले.

“आक्का, तुमचा जन्म या गावात गेला. मुलींना नाही सांगणार, मला एकट्याला सांगा. वेशीचं तोंड डोंगराकडे का आहे?”

आक्कांनी डोंगराकडे पाहिलं.

“ते कळलं असतं मास्तर, तर मी कवाच म्हातारी झाले असते.”